नावडतीचं मीठ

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. गेली चौदा वर्षं त्या आमच्या घरी आहेत आणि या चौदा वर्षांत माझ्या हातची आमटी त्यांना एकदाही बरोबर लागलेली नाही. कधी मीठ कमी, कधी जास्त. एकदा मी मुद्दाम त्यांच्याच हातानं मीठ घालून घेतलं. जेवताना म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे, पण डाळ कुठल्या दुकानातली आणलीस?" नावडतीचं मीठ अळणी ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकतो. मीही ती बरीच वर्षं एकाच बाजूनं वाचत होते. त्यांची नावडती मी, आणि अळणी ठरलेलं मीठ माझं. पण माझ्याही नावडत्या त्या होत्याच. त्यांनी केलेलं, बोललेलं, अगदी देवापुढं म्हटलेलं स्तोत्रसुद्धा मला अळणीच लागत होतं, हे लक्षात यायला फार वेळ लागला.

मीठ ही साधी गोष्ट झाली, ती हसून सोडता येते. पण माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिच्यासमोरच "हिचा रंग बघता हिला कोण करून घेणार" असं त्या म्हणाल्या होत्या, ते मला सोडता आलं नाही. घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं आपल्याला मिळतं, असं त्यांनी निपाणीच्या नातेवाइकांना सांगितलं. ते फिरून माझ्या माहेरी पोचलं, तेही सोडता आलं नाही. माझे वडील दुकानदार. खतावणी कशी लिहायची हे मी त्यांच्याजवळ बसून शिकले होते. आत्याबाईंच्या नावाचं पान मी मनात उघडलं आणि एकही नोंद चुकवली नाही.

चार वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या परत नीट चालू लागल्या नाहीत. तेव्हापासून त्या अंथरुणावर, आणि त्यांचं सगळं माझ्याकडे.

त्याच सुमारास आमच्या बस्तीत महिलांच्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्र चाललं होतं. सातव्या अध्यायात चार भावना येतात, त्या आपल्याला पाठ असतात. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद म्हणजे आनंद, दुःखी जीवांविषयी कारुण्य, आणि जे अविनेय आहेत, ज्यांना सांगून उपयोग नाही, त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. माझ्यासारख्या कितीजणींनी ते चौथं पद ऐकून सुटकेचा श्वास टाकला असेल! त्या दिवशी मी घरी आले ती जवळजवळ आनंदातच. उमास्वामींनी माझी अडचण ओळखली होती. प्रेम करा असं ते म्हणतच नव्हते. अशा माणसाच्या बाबतीत मध्यस्थ राहा, तटस्थ राहा, एवढंच. मी ठरवलं, आजपासून आत्याबाईंशी माध्यस्थ्य. अंघोळ घालायची, जेवण द्यायचं, औषध द्यायचं, भांडं काढायचं. बोलायचं नाही, रागवायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही.

वर्षभर मी हे केलं. घरातले म्हणत, बघा किती शांतपणे करते. आता माझ्या त्या शांततेतली एक रात्र सांगते. श्रावणातली रात्र होती, पाऊस होता. दोन-अडीचच्या सुमाराला आत्याबाईंनी हाक मारली. मी जागी होते. हाक मला स्पष्ट ऐकू आली. पुन्हा मारली, तिसऱ्यांदाही. मी कूस बदलली आणि पडून राहिले. हे गाढ झोपले होते. सकाळी गेले तर अंथरूण ओलं, आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. चादर बदलली. मनात राग नव्हता, हे खरं आहे. पण राग नसणं ही एवढी थोर गोष्ट असेल, तर त्या रात्री मी केलं ते काय होतं?

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणते, मीही. त्या ख्रिस्ती आहेत. त्यांच्या चर्चमध्ये मराठीतून उपासना होते. बुधवारी दुपारी त्या आणि त्यांच्यातल्या आणखी दोघीतिघी आजाऱ्यांना भेटायला जातात. आत्याबाई पडल्याचं कळल्यावर एका बुधवारी त्या आमच्याकडे आल्या. आत्याबाईंनी काय करावं? नाक मुरडून तोंड फिरवलं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाल्या, "तिला आत कशाला घेतलीस? ह्यांच्यात अंडं शिजतं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. टीचर शांतपणे खुर्ची थोडी लांब ओढून बसल्या. पाच मिनिटं हवापाण्याचं बोलल्या आणि गेल्या. पुढच्या बुधवारी परत आल्या. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन, म्हणजे आमच्या भांड्याचा प्रश्न नको. आत्याबाईंनी शेजारच्या बाईंना सांगितलं की ही मला बाटवायला येते. तेही टीचरच्या कानावर गेलं. मग कधीतरी त्या हसून म्हणाल्या, "आजी, एवढे बुधवार झाले, अजून बाटला नाहीत तुम्ही. माझीच वरिष्ठांकडे तक्रार जाईल." आत्याबाई हसल्या नाहीत, पण तोंडही फिरवलं नाही.

दोनतीन महिन्यांनी मी चहा घेऊन गेले तर टीचर आत्याबाईंच्या पायाशी बसून त्यांची नखं कापत होत्या. म्हातारपणी पायाची नखं किती जाड आणि वाकडी होतात, हे ज्यांनी कापली असतील त्यांना माहीत आहे. मी कापायची तेव्हा आत्याबाई ओरडत. टीचर आधी पाय कोमट पाण्यात ठेवायच्या, मग एकेक नख थोडंथोडं. मला ही साधी युक्ती सुचली नव्हती. सुचावी एवढा वेळ त्या पायांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "टीचर, खरं सांगा, तुम्हाला आत्याबाई आवडतात?"

"छे हो वहिनी," त्या पटकन म्हणाल्या. "कशा आवडतील? पहिल्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते."

"मग येता कशा?"

"आवडल्या तर या, असं मला कुणी सांगितलेलंच नाही. शेजाऱ्यावर प्रीती कर, एवढंच सांगितलंय. आवडणं माझ्या हातात नाही. बुधवारी चार वाजता चपला घालणं हातात आहे."

त्यांच्या बायबलात 'प्रेम'पेक्षा 'प्रीती' हा शब्द जास्त येतो. मूळ ग्रीक भाषेत प्रेमाला निरनिराळे शब्द आहेत, हे टीचरनीच मला सांगितलं. मित्रांमधलं प्रेम वेगळं, घरच्यांची माया वेगळी, स्त्रीपुरुषांचं वेगळं, आणि ख्रिस्ती लोक ज्याला महत्त्व देतात ते 'अगापे' वेगळं. त्यात समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा आणि त्याप्रमाणे वागणं येतं. मनाचा ओढा असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ख्रिस्ती लग्नांत हटकून वाचतात. मी तो घरी आणून वाचला. मला वाटलं होतं काव्य असेल, भावना असतील. तिथं बहुतेक वागणंच आहे. प्रीती धीर धरते, हेवा करत नाही, स्वतःचा तोरा मिरवत नाही. आणि ती झालेल्या अपकारांचा हिशेब ठेवत नाही, हेही त्यात आहे. तिथं मी पुस्तक मिटलं. खतावणीची आठवण कुणाला हवी असते?

टीचरच्या कपाटात सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाचं 'मिअर ख्रिश्चॅनिटी' होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी बीबीसी रेडिओवर दिलेल्या भाषणांतून ते पुस्तक झालं. त्यात त्यांचा एक व्यवहारी सल्ला आहे. शेजाऱ्यावर आपलं प्रेम आहे की नाही याची चौकशी करत बसू नका, आहे असं समजून वागू लागा. वागता वागता ते येतं, आणि उलट कुणाला दुखावत गेलात तर तो आणखी नावडता होतो. दुसरा भाग मला शंभर टक्के पटला. त्या पावसाच्या रात्रीनंतर आत्याबाई मला जास्तच नकोशा झाल्या होत्या. ज्याचं आपण वाईट केलं त्याचं तोंड बघवत नाही. पहिल्या भागाबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. मी त्यानंतरही चांगली तीन वर्षं वागून बघितलं. आत्याबाई मला आवडू लागल्या असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायला मी बसलेली नाही.

मोठ्या क्षमेच्या गोष्टी आपण डोळ्यात पाणी आणून वाचतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जमावानं जाळली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. त्या लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत, बारीपदाला कुष्ठरोग्यांचं काम पुढं काही वर्षं चालवलं. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या थोर बाईपुढं मी काय बोलणार? पण एक शंका मनात येतेच. माणसाला कधीकधी डोंगर चढवतो आणि उंबरा अडवतो. दस्तयेव्हस्कीच्या 'कारामाझव बंधू' कादंबरीत एका डॉक्टरची गोष्ट येते. मानवजातीवर त्याचं एवढं प्रेम की तिच्यासाठी सुळावर जायची तयारी, पण एकाच खोलीत कुणाबरोबर दोन दिवस काढणं त्याला अशक्य. एकाला जेवायला वेळ लागतो म्हणून राग, दुसरा सर्दीनं सारखा नाक शिंकरतो म्हणून राग. ते वाचून मी एकटीच हसले. मानवजात आमटीत मीठ कमी म्हणत नाही ना!

एकदा टीचरनी मला लूकच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. चोरांनी लुटून, मारून रस्त्यात टाकलेला माणूस. याजक बघून पलीकडून जातो, लेवीही जातो. ज्याच्या लोकांशी यहुद्यांचं वैर, तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाला दोन नाणी देतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. मी म्हटलं, "टीचर, गोष्ट छान आहे. पण तो दुसऱ्या दिवशी गेला हो! त्या जखमी माणसाला त्यानं घरी नेऊन चौदा वर्षं ठेवला असता, आणि त्या माणसानं रोज जेवणाला नावं ठेवली असती, तर?"

त्या हसल्या. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "खरं आहे. रात्रंदिवस सेवा त्या उतारशाळेवाल्यानं केली असणार. त्याचं काय झालं, कुणी लिहिलेलं नाही."

आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या परवानगीनं लिहिते. त्यांची एक भावजय आहे. वाटणीच्या वेळी तिनं जे केलं त्यानंतर टीचर सात वर्षं भावाच्या घरी गेलेल्या नाहीत. "तुमच्या आजी मला जमतात वहिनी. माझी भावजय जमत नाही. रविवारी प्रार्थनेत तिचं नाव घेते आणि सोमवारी तिचा फोन उचलत नाही." मी गमतीनं म्हटलं, "मग असं करू, तुम्ही माझ्या आत्याबाई बघा, मी तुमची भावजय बघते." गंमत होती, पण त्यात तथ्यही आहे. परक्याच्या नावाचं पान आपल्या वहीत कोरं असतं. म्हणून टीचरची प्रीती खोटी ठरते असं नाही. पण घरात राहून जी बाई कुणाचं करते आणि जी बुधवारी येते, त्यांची तुलना करू नये, एवढं मला कळलं. मी बरेच दिवस ती करत होते आणि स्वतःला कमी लेखत होते.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. प्रेम करा, सहन करा, क्षमा करा, हा उपदेश जगात कुणाला सगळ्यात जास्त केला जातो? सुनेला. आपल्याकडे आक्रोश परीषह सांगितला आहे, म्हणजे शिव्याशाप शांतपणे सोसणं. बावीस परीषहांतला तो एक, आणि सांगितला आहे मुनींसाठी, ज्यांनी घरदार आपल्या इच्छेनं सोडलं त्यांच्यासाठी. आपण तो नव्या नवरीच्या ओटीत घालतो. दुसरा गाल पुढं करावा हे ख्रिस्ती वचनही मारणाऱ्याच्या सोयीसाठी किती वेळा वापरलं गेलं असेल! नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला कुणी प्रेमाचं प्रवचन देऊ लागलं तर मी आधी त्या प्रवचनकाराला उठवीन. ग्लॅडिस स्टेन्स यांनीही क्षमा ही एक गोष्ट आणि गुन्ह्याबद्दल कायद्यानं काय व्हायचं ती वेगळी, असंच धरलं होतं.

हे मला पुस्तकापेक्षा टीचरच्या एका वागण्यानं कळलं. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी सासरहून परत आली. कारणं इथं सांगत नाही, पण दोष तिचा नव्हता. एका बुधवारी टीचर बसलेल्या असताना आत्याबाईंनी तिच्याबद्दल बोलायला सुरुवात केली. जे बोलल्या ते वाईट होतं, तिच्या चारित्र्यावर होतं, आणि खोटं होतं. मी दारात ट्रे घेऊन उभी, हात थरथरत होते. टीचर म्हणाल्या, "आजी, मुलीबद्दल असं बोलू नका. बोललात तर मी उठते." आत्याबाई थांबल्या नाहीत. टीचर उठल्या, बाटली पिशवीत घातली, मला म्हणाल्या "येते," आणि गेल्या. मला वाटलं, आता ही बाई कशाला येते परत! पुढच्या बुधवारी चारला फाटक वाजलं. नखं कापायची होती.

उठून जाणं मला जमलं असतं. परत येणंही, नाइलाज म्हणून का होईना, रोज करतच होते. पण एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही, आणि दोन्ही बिनरागानं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या रात्री मी आत्याबाईंना स्पष्ट सांगितलं, "माझं काय वाटेल ते बोला. माझ्या मुलीबद्दल या घरात एक शब्द चालणार नाही." चौदा वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच बोलले. तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलीबद्दल मात्र त्यानंतर बोलल्या नाहीत, निदान माझ्या ऐकण्यात तरी नाही.

आत्याबाईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि दोन वर्षांत सासरच्यांनी त्यांना परत आणून सोडलं. पुढचं सगळं आयुष्य आधी भावाच्या आणि मग भाच्याच्या घरी. हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत होतं, घरातल्या जुन्या कपाटासारखं. परत आलेल्या मुलीबद्दल त्या जे बोलत होत्या, ते त्यांच्याबद्दल कुणीतरी कधीतरी बोललेलं असणार, हे माझ्या मनात त्या तीन दिवसांत आलं. म्हणून त्यांचं बोलणं क्षम्य ठरतं असं मी म्हणणार नाही. सोसलेल्या सगळ्याच बायका दुसरीला डाग देत नाहीत.

गेल्या वर्षी दशलक्षणात माझा उपवास होता. दुपारी मी त्यांचं भांडं काढून, हात धुऊन, नेहमीच्या कोऱ्या चेहऱ्यानं चादर ओढत होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "पुण्य मिळवाय लागलीस व्हय माझ्यावर? मिळव, मिळव."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं होतं. त्यांचं करताना मी मनात म्हणायची, माझ्या कर्माची निर्जरा होते आहे. म्हणजे त्या मला माणूस म्हणून दिसतच नव्हत्या, मी त्यांच्याकडे साधन म्हणून बघत होते. आत्याबाई तिसरी शिकलेल्या, पण कुणी आपल्याकडे माणूस म्हणून बघतंय की पुण्याची पेटी म्हणून, हे पडल्यापडल्या त्यांना बरोबर कळत होतं. लुइस यांनीही हे म्हटलं आहे. आपण किती क्षमाशील आहोत हे दाखवायला कुणाचं भलं केलंत आणि मग त्याच्या कृतज्ञतेची वाट बघत बसलात, तर पदरी निराशाच येण्याचा संभव. माणसं दिखावा लगेच ओळखतात.

त्या रात्री मी पुन्हा तो अध्याय काढला, पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेसह. स्वाध्यायात आम्ही अर्थावरून भरभर पुढं गेलो होतो. माध्यस्थ्याचा अर्थ तिथं तोंड फिरवणं असा नाहीच. राग आणि द्वेष यांच्यापोटी येणारा पक्षपात नसणं, असा आहे. आता त्या रात्रीच्या हाका आठवा. माझ्या आईनं हाक मारली असती तर मी पहिल्या हाकेला उठले असते. मग माझं ते माध्यस्थ्य कसलं? तो शुद्ध पक्षपात होता, फक्त आवाज न करणारा. आणि मैत्रीचा अर्थ तिथं दिला आहे, दुसऱ्याला दुःख होऊ नये ही इच्छा. त्यात आवडीनिवडीचा संबंधच नाही. ती सर्व जीवांसाठी आहे, म्हणजे आत्याबाई त्यातून वगळता येत नाहीत.

मी चार भावना म्हणजे चार कप्पे समजले होते आणि आत्याबाईंना सोयीच्या कप्प्यात टाकलं होतं. पण अंथरुणाला खिळलेली, पाठ सोलवटलेली ऐंशीच्या घरातली बाई 'दुःखी जीव' नाही तर कोण? सांगून न ऐकणारीही तीच, आणि कारुण्याची अधिकारीही तीच. राहता राहिला प्रमोद. तिथं माझं मन अजूनही आढेवेढे घेतं. तरी लिहायलाच हवं. आत्याबाईंना भक्तामरचे अठ्ठेचाळीस श्लोक तोंडपाठ आहेत. कुणी शिकवलं नाही, भावाच्या घरी भांडी घासताना ऐकून ऐकून पाठ केले. आजही पहाटे म्हणतात, उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ. मी बी. ए. झालेली, मला अजून मध्ये अडायला होतं. चौदा वर्षांत मी हे त्यांना एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

ख्रिस्ती प्रीती आणि आपलं माध्यस्थ्य एकच, असं मी म्हणणार नाही. सगळे धर्म एकच सांगतात, असं म्हणून विषय गुंडाळण्याची आपल्याला सवय आहे. टीचरना वाटतं की देवानं आधी आपल्यावर, आपण पापी असतानाच, प्रीती केली, म्हणून आपणही ती लायकी न बघता दुसऱ्यावर करायची. देव सूर्य उगवतो तो बऱ्यावर आणि वाइटावर सारखाच. आपल्याकडे असा प्रीती करणारा देव नाही. आपला आधार वेगळा आहे. जो आत्मा माझ्यात तोच जातीनं त्यांच्यात, आणि द्वेष केला तर बंध मलाच. टीचरच्या वाटेत मला ऊब जास्त वाटते. आपल्या वाटेत प्रामाणिकपणा जास्त वाटतो, कारण काही माणसं बदलत नाहीत हे ती मान्य करते आणि त्यांना बदलायचं ओझं आपल्यावर टाकत नाही. टीचरशी मी यावर वाद घालते. त्या म्हणतात, ऊब नको असेल तर रग कशाला घेता वहिनी?

यंदा भाद्रपद वद्य प्रतिपदेला बस्तीत क्षमावाणी झाली. सगळ्याजणी एकमेकींना हात जोडत होत्या. जिच्याशी वर्षभरात दोन शब्दही बोललो नाही तिचीही आपण त्या दिवशी क्षमा मागतो, कळत नकळत काही चुकलं असेल तर. आत्याबाईंपुढंही मी दर वर्षी असेच हात जोडत आले आहे, आणि त्या मान हलवत आल्या आहेत. यंदा घरी आल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून बसले. 'नकळत' हा शब्द तोंडातून निघेना.

म्हटलं, "आत्याबाई, तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री तुम्ही मला हाका मारल्या होत्या. मला ऐकू आल्या होत्या. मी मुद्दाम उठले नाही."

त्या खिडकीकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ठावं हाय मला. कूस बदललीस तवा बांगड्या वाजल्या तुझ्या."

मी काही बोलू शकले नाही. त्याही पुढं काही बोलल्या नाहीत. क्षमा केली असं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पडदा ओढ. ऊन येतंय डोळ्यावर."

मी पडदा ओढला आणि आमटी गरम करायला गेले.